बी.एस्सी. (दोनदा)

मध्यमवर्गीय मराठी घरात पदवीचं स्थान देव्हाऱ्यातल्या शंखासारखं असतं. तो रोज कुणी वाजवत नाही. वाजवायचा म्हटला तर घरात तो धड कुणाला येतही नाही. पण असावा लागतो. पदवी मिळाली की तिला काच लावतात, भिंतीत खिळा ठोकतात, आणि मग पदवीधर बँकेत नोटा मोजो की विम्याचे हप्ते गोळा करो, कुणाचं काही म्हणणं नसतं. रसायनशास्त्राच्या पदवीधराने जन्मभर चेकवर शिक्के मारले तर ‘मुलगा मार्गी लागला’ म्हणून पेढे वाटतात. त्याच पदवीधराने आजारी माणसाच्या अंगाला हात लावायचं ठरवलं, की घरात सुतक पडतं.

हे मी अनुभवाने सांगते. मी बी.एस्सी. आहे, आणि तीही दोनदा. एकदा रसायनशास्त्रात, २००६ साली, आणि एकदा नर्सिंगमध्ये, २०१२ साली. नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसणारे पुष्कळ असतात. पास होऊन पुन्हा पहिल्या वर्षात जाऊन बसलेली आमच्या वाशीच्या सेक्टरात मी एकटीच.

बी.एस्सी.नंतर आपल्याकडे तीन रस्ते फुटतात. एक बी.एड.कडे जातो, दुसरा बँकेच्या परीक्षांकडे आणि तिसरा बोहल्याकडे. नवी मुंबईत चौथाही आहे, तो ठाणे-बेलापूर रस्त्याने एमआयडीसीत जातो. त्या रस्त्याने मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात ‘क्वालिटी कंट्रोल’ला लागले. सकाळी आठपासून संध्याकाळी साडेचारपर्यंत मी ब्युरेटपुढे उभी राहून थेंब थेंब द्रव सोडत असे. खालच्या चंबूत गुलाबी रंग उमटला की तोटी बंद करायची, आकडा लिहायचा, चंबू धुवायचा आणि पुढचा नमुना घ्यायचा. दोन वर्षांत मी काही हजार चंबू गुलाबी केले. त्यातला एकही ‘आता बरं वाटतंय हो’ असं म्हणाला नाही.

त्यातच आजी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिला कुशीवर वळवायचं होतं. बाबा, काका आणि मी असे तिघं पुढे सरसावलो. एक बी.कॉम., एक बी.ए., एक बी.एस्सी. तीन पदव्या मिळून आजी तसूभर हलली नाही, फक्त ओरडली. तेवढ्यात एक किरकोळ अंगाची मल्याळी सिस्टर आली. तिने आम्हाला बाजूला केलं, आजीच्या दोन पायांमध्ये उशी ठेवली, अंगाखालची चादर गुंडाळून मुठीत घेतली, स्वतःचे गुडघे वाकवले आणि आपलं वजन मागे टाकलं. आजी अलगद वळली. वर ‘सुखी राहा गं बाई’ म्हणाली. आम्हाला तिने इतक्या वर्षांत तसं म्हटलेलं कुणाला आठवेना. मला मात्र एकदम वाटलं, अरे, ही तर तरफ! हे आपण शिकलोय. अगदी चौदा गुणांना शिकलोय. फक्त त्या तरफेच्या दुसऱ्या टोकाला आजी असू शकते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

महिनाभराने मी घरी जाहीर केलं, की मी नोकरी सोडून नर्सिंगला जाणार.

बाबांनी भिंतीवरच्या माझ्या पदवीकडे पाहिलं. तिची तब्येत बिघडली असावी अशा नजरेने पाहिलं. आई म्हणाली, “त्यापेक्षा पॅथॉलॉजी कर ना. रक्त तेवढंच असतं, पण माणूस नसतो.” डोंबिवलीच्या आत्याला फोनवर नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली, “नर्सरी काढतेस? बरं झालं. मला दोन जास्वंदी ठेव.” समोरच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “बी.एस्सी.ला राहिली होती का हो?”

मुख्य प्रश्न बाबांचा होता. “रात्रपाळ्या करायच्या, लोकांची घाण काढायची, याच्यासाठी शिकवलं तुला?” असं ते म्हणाले. आजीचं सगळं त्या वेळी आईच करत होती. भांडं देणं, अंग पुसणं, रात्री तीनदा उठणं, सगळं. घरच्या बाईने फुकट केलं तर ती सेवा आणि शिकून, पगार घेऊन परक्यासाठी केलं तर ती घाण, हा हिशेब मला काही केल्या जुळेना. पण असले मुद्दे बाबांपुढे चालत नाहीत. त्यांची हयात सरकारी कचेरीत गेलेली. त्यांना पूर्वदाखला लागतो. मी पूर्वदाखले गोळा करायला बसले.

पहिला दाखला बाई काशीबाई गणपत यांचा. १८९१ साली मुंबईत परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आलेल्या या पहिल्या भारतीय बाई. बाबा म्हणाले, “तेव्हा पदव्या नव्हत्या.”

दुसरा दाखला मी जरा भारी काढला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई. त्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि पांढरपेशा घरातल्या बायकांना, त्यातल्या विधवांनाही, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली. त्या काळच्या पुण्यात परक्या पुरुषाची नाडी धरायला आपल्या घरची बाई पाठवायची, म्हणजे काय धाडस! बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, “रमाबाई स्वतः झाल्या का नर्स?”

तिसरा दाखला फ्लॉरेन्स नाइटिंगेल. लोकांना तिचा दिवा तेवढा माहीत असतो. पण बाईंचं खरं प्रेम गणितावर. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने किती जास्त मेले, हे त्यांनी आकड्यांची वर्तुळाकृती चित्रं काढून सरकारच्या गळी उतरवलं. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं, त्या तिथल्या पहिल्या महिला सभासद. “म्हणजे बघा बाबा, शास्त्र शिकलेली बाईसुद्धा...” बाबांनी मला मध्येच थांबवलं. “तिच्या घरच्यांचं काय म्हणणं होतं?” आता इतिहासापुढे खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, “घरच्यांचा विरोध होता.”

“बघ!” बाबा म्हणाले. फाइल तिथेच बंद झाली.

पण प्रवेशअर्जावर सही त्यांनीच केली. तारीख आणि वेळेसकट.

अर्ज हा एक निराळाच धक्का होता. बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीचे गुण लिहायला रकाने होते. बी.एस्सी.ला रकानाच नव्हता. तीन वर्षांची पदवी कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहावी की काय, असा प्रश्न पडला. अमेरिकेत म्हणे दुसऱ्या विषयातल्या पदवीधराला साधारण वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी घेता येते, त्यासाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे अशी सूट नाही. तुम्ही रसायनशास्त्रात पहिले आलेले असा की नुकतीच मिसरूड फुटलेली बारावी पास असा, चार वर्षं म्हणजे चार वर्षं. आता आधी राज्याची सीईटी द्यावी लागते, पण त्या पुढची चार वर्षं तीच. माझ्या वर्गातल्या मुली सतरा-अठरा वर्षांच्या होत्या, मी तेवीसची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मॅडम आल्या. खुलासा झाल्यावर मी ‘ताई’ झाले आणि चार वर्षं ताईच राहिले.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, शरीराची गूढं उलगडतील. उलगडल्या त्या चादरी. खाट करण्याचे इतके प्रकार असतात, हे खाटेलाही ठाऊक नसेल. ओपन बेड, क्लोज्ड बेड, ऑपरेशन बेड, फ्रॅक्चर बेड, कार्डिॲक बेड आणि सगळ्यांत कठीण म्हणजे ऑक्युपाइड बेड. त्यात पेशंट खाटेवर असतानाच, त्याला न उठवता, खालची चादर बदलायची. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडला पाहिजे, सुरकुती एक दिसता कामा नये. सुरकुती म्हणजे पाठीला जखम, जखम म्हणजे जंतू, असं शास्त्र त्यामागे असतं. ज्या मुलीची घरची गादी आई उचलते, ती रांगेने वीस खाटा करताना पाहून आई पालकसभेत रडली. अभिमानाने की रागाने, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

माझ्या जुन्या पदवीची पहिली भेट झाली ती सलाइनच्या बाटलीखाली. वॉर्डात पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचं होतं. एका मिलिलिटरचे वीस थेंब, म्हणजे दहा हजार थेंब, मिनिटं चारशे ऐंशी, म्हणून मिनिटाला एकवीस थेंब. मी घड्याळ लावून तोटी फिरवली आणि माझ्या अंगावर काटा आला. हे तर ब्युरेट! तीच तोटी, तोच थेंब, तीच डोळे बारीक करून बघायची सवय. फरक इतकाच, की ब्युरेटखालचा चंबू ‘सिस्टर, अजून किती वेळ?’ असं विचारत नाही, आणि त्याला लघवीलाही जायचं नसतं.

मग जुन्या ओळखी निघतच गेल्या. पोटॅशियम परमँगनेट जखमा धुवायच्या टबात भेटलं. इन्शुलिनने तर मोजमापाची सगळी शिस्त वसूल केली. आपल्याकडे मिलिलिटरला चाळीस युनिटचं इन्शुलिन मिळतं तसं शंभर युनिटचंही मिळतं. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. टोपणांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट वर किंवा खाली. प्रयोगशाळेत अडीचपट चुकलं तर नमुना फेकून देता येतो. इथे नमुन्याला दोन लहान मुलं असतात आणि ती बाहेर बाकावर बिस्किट खात बसलेली असतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलऐवजी इथे केसबुक असतं. आमच्या वेळी त्यात वीस बाळंतपणं आपल्या हातून झाल्याची नोंद लागायची. हा प्रयोग बहुधा पहाटे तीनला सुरू होतो, आणि ‘आज जमत नाही, उद्या करू’ म्हणायची सोय नसते.

औषध देण्याचे पाच नियम आम्ही पाढ्यासारखे म्हणत असू. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. यातले मागचे चार जगभर सारखे असतील. पहिला मात्र नवी मुंबईत फार अवघड आहे. वॉर्डाच्या दारात उभं राहून ‘पाटील!’ म्हणून हाक मारावी, तर तीन पेशंट हात वर करतात आणि पाच नातेवाईक उठून उभे राहतात. म्हात्रेंची गोष्ट तीच, ठाकूरांचीही तीच. सिडकोने पंचाण्णव गावांची जमीन घेऊन हे शहर वसवलं, सेक्टरांना नंबर दिले, इमारतींना नंबर दिले, पण आडनावांना नंबर द्यायचं राहून गेलं.

अशाच एका आगरी आजींचं रक्त घ्यायला मी गेले होते. आजींनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, “जमीन सिडकोनी नेली, आता रगात तू ने!” मी समजूत काढली, शीर शोधली, सुई लावली. आजी नळीकडे टक लावून बघत होत्या. नळी भरल्यावर त्यांनी विचारलं, “यातलं साडेबारा टक्के परत देशील ना?” ज्यांना जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाची वाट पाहणं म्हणजे काय हे ठाऊक आहे, ते हसतील आणि मग जरा गप्प होतील. मीही तसंच केलं.

या व्यवसायात एक गोष्ट मात्र जाते, ती म्हणजे नाव. पांढरे कपडे घातले की तुम्ही ‘सिस्टर’. ऐंशी वर्षांचे आजोबाही सिस्टर म्हणतात आणि आठ वर्षांचा नातूही. सरकारी मराठीने यावर उपाय म्हणून भारदस्त शब्द काढले. स्टाफ नर्स ती अधिपरिचारिका, वॉर्डाची सिस्टर ती परिसेविका आणि मेट्रन ती अधिसेविका. हे शब्द इतके भारदस्त आहेत, की ‘अहो अधिपरिचारिका, जरा भांडं द्या’ म्हणेपर्यंत भांड्याची वेळ टळून जाते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्टाफ नर्सला ‘नर्सिंग ऑफिसर’ असं पद दिलं आणि पुढे आमच्या ओळखपत्रावरही ते छापून आलं. त्या दिवशी बाबांनी ओळखपत्र हातात घेऊन चष्मा लावला. जन्मभर ऑफिसरांच्या फायली वाहिलेल्या माणसाच्या घरात शेवटी एक ऑफिसर निघाला होता. तोवर ते कुणी विचारलं तर ‘मुलगी मेडिकल लाइनला आहे’ असं सांगत. त्यानंतर ‘हॉस्पिटलात ऑफिसर आहे’ असं सांगू लागले. ‘नर्स’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

मग २०२० साल आलं. वाशी स्टेशनजवळच्या ज्या सिडको प्रदर्शन केंद्रात आम्ही फ्लॅटची आणि फर्निचरची प्रदर्शनं बघत हिंडायचो, तिथे सुमारे बाराशे खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं. मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर पूर्वी परिचारिका होत्या. एप्रिलमध्ये त्या जुना गणवेश घालून नायर रुग्णालयात हजर झाल्या. बाबांनी ते कात्रण कापून ठेवलं, बोलले काहीच नाहीत. मी माझ्या रुग्णालयाच्या कोविड वॉर्डात होते. त्या पोशाखात माणूस ओळखू येत नसे, म्हणून आम्ही एकमेकींच्या पाठीवर मार्करने नावं लिहायचो. चेहरा गेला आणि गेलेलं नाव परत मिळालं. पेशंट पहिल्यांदाच मला नावाने हाक मारू लागले, फक्त मी पाठमोरी असताना.

एक आजोबा तिथे गेले. घरचं कुणी आत येऊ शकत नव्हतं. रात्री त्यांच्या मुलीचा फोन आला. रडून झाल्यावर तिने विचारलं, “शेवटी काही म्हणाले का हो?” मी म्हटलं, “लाइटचं बिल भरलं का, असं विचारत होते.” पलीकडे क्षणभर शांतता झाली, आणि मग ती रडता रडता हसली. “हेच म्हणणार ते,” ती म्हणाली. रिपोर्टमध्ये ऑक्सिजनचे आकडे होते, औषधांची यादी होती. लाइटच्या बिलाला तिथेही रकाना नव्हता. ते फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं.

आमच्या सोसायटीने बावीस मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या होत्या, त्याही अगदी तालात. तीन आठवड्यांनी फलकावर सूचना लागली, की रुग्णालयात काम करणाऱ्या रहिवाशांनी लिफ्ट वापरू नये. बारा तासांची पाळी करून चौथा मजला चढायचा म्हणजे चादरीशिवायचा व्यायाम. मी दोन दिवस चढले. तिसऱ्या दिवशी घरी आले तर बाबा टेबलाशी लिहीत बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी केलेला तो पहिला अर्ज.

“विषय : रहिवासी परिचारिकेस उद्वाहन वापरण्यास प्रतिबंध न करणेबाबत. संदर्भ : (१) आपली फलकावरील सूचना. (२) दि. २२ मार्च रोजी सायंकाळी ५ वाजता आपण वाजविलेली थाळी. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराची कन्या ही परिचारिका आहे...” पुढे तीन पानं होती. शेवटी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर : तळमजला ते सातवा मजला.’

तो शब्द बारा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा वापरला होता. मी विचारलं, “बाबा, नर्सिंग ऑफिसर का नाही लिहिलंत? वजन पडलं असतं.”

ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, “ऑफिसर या इमारतीत सात आहेत. परिचारिका एकच आहे.”

संध्याकाळपर्यंत सूचना उतरली. सोसायटीच्या फायलीत तो अर्ज अजून आहे आणि बाबांना तो पाठ आहे.

आता आमच्या घराची बेल केव्हाही वाजते. कुणाला साखर बघायची असते, कुणाला इंजेक्शन घ्यायचं असतं, कुणाला नुसतंच ‘हे काळजीचं नाही ना?’ असं विचारायचं असतं. परवा समोरच्या काकू आल्या. त्यांची नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नर्सिंगला जायचं म्हणते आहे. काकू खुर्चीत टेकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “तू तरी तिला समजाव. पुन्हा चार वर्षं, त्या रात्रपाळ्या, लोकांचं सगळं करायचं. पदवी घेऊन हेच करायचं का? तुझं ऐकेल ती.”

मी म्हटलं, “रविवारी पाठवा तिला, बोलते.”

“बरं वाटलं बाई,” काकू म्हणाल्या. मग उजव्या हाताची बाही वर सारून त्यांनी हात माझ्यापुढे केला. “आलेच आहे तर जरा बी.पी. बघतेस?”

मी पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळ्या लावून ऐकलं. जरा वाढलेलं होतं.